आंधळी नागीण

१२ फेब्रुवारी २००१, सोमवार

लेक शर्मिष्ठा काल बाळंतपणासाठी आली. जावई निरंजनराव गोंदियाहून तिला सोडायला आले आणि चहा घेऊन पुढच्याच गाडीने परत गेले. रेल्वेची नोकरी, सुटी एक दिवसाची. डॉक्टरांनी होळीच्या आसपासची तारीख दिली आहे.

माझी मोठी बहीण गोदूबाई गेल्या आठवड्यातच गावाहून डिंकाचे लाडू घेऊन येऊन बसली आहे. आता घरात दोन सरकारं आहेत. बायको लता म्हणते पोरीने थोडं चालावं, गोदूबाई म्हणते पोरीने बसावं. शर्मू एकीसमोर चालते आणि दुसरीसमोर बसते.

संध्याकाळी दिवा लावताना ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या डाव्या भुवईच्या वर एक खळगी आहे, तांदळाचा दाणा मावेल एवढी. पाच वर्षांची असताना गावी विहिरीच्या पायरीवर पडली, त्याची. मी तेव्हा बस्तरात तारा ओढत होतो, लता तिच्या आजारी आईपाशी, आणि पोर गोदूबाईकडे. गावाहून आली तेव्हा ती एवढीशी खूण घेऊन आली होती. समईच्या उजेडात त्या खळगीत सावली साठते. बाकी पोरगी कितीही मोठी झाली तरी तेवढी जागा पाच वर्षांचीच राहिली आहे.

रायपूर राजधानी झाल्यापासून आमच्या टेलिफोन खात्याला उसंत नाही. रोज नवा साहेब, नवा बंगला, नवी लाइन. मी केबल जोडणारा. दिवसभर खड्ड्यात बसून रंग बघत तारेच्या जोडीला जोडी लावतो. दोन दिवसांपासून पाठीच्या उजव्या बाजूला आग होते आहे. ड्रम ढकलताना लचक भरली असावी. पण लचकेला सदरा लागला तर चटका बसत नाही. हे काही वेगळंच आहे.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

लता पाठीला तेल लावायला बसली आणि तिचा हात थांबला. मणक्याजवळून निघून कुशीवरून पुढे पोटाकडे पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उठला आहे.

"तुमाले नागीण निघाली," ती म्हणाली.

मग तिने विचारलं की मी एखाद्या सापाला काही केलं का. मागच्या महिन्यात तेलीबांध्याच्या कामावर खड्ड्यात धामण निघाली होती, हे मी सांगितलं. मारली नाही. मी आणि माझा जोडीदार धर्मपाल, आम्ही तिला पोत्यात घालून तलावापलीकडे सोडून आलो.

"पोत्यात कोंबली ना? मंग," लता म्हणाली, आणि कोणाला तरी नवस बोलायला देवघरात गेली.

नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळलं की माणूस जातो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. खरं मानतो का, ते सांगता येणार नाही. पण आंघोळीनंतर आरशात वाकून बघितलं, की दोन टोकांत अजून किती जागा आहे.

१७ फेब्रुवारी, शनिवार

गोदूबाईने उपाय काढला. लताने दोन्ही टोकांना गेरूच्या रेघा ओढल्या होत्या, तरी फोड त्या ओलांडून पुढे गेले. तेव्हा गोदूबाई म्हणाली, "शाल्या, पोटुशी बाईची सावली पडली का साप आंधळा होते. आंधळ्या सापाले आपली शेपटी कुठून दिसन? घरात पोटुशी पोट्टी असून तू काहून भेतं?"

ठरलं की गेरू आणि रक्तचंदनाचा लेप शर्मूनेच लावायचा. तोही दिवा मागे ठेवून, म्हणजे तिची सावली बरोबर माझ्या पाठीवर पडेल.

शर्मू हसत होती. हसत हसत पदर खोचून बसली. तिचा हात लताच्या हातापेक्षा हलका आहे. एकेक फोड जपून, बोटाच्या टोकाने. एखादा फुटला तर कापसाने टिपून घेते.

"बाबा, हिलू नका. ही इकडे पाहून राहिली माझ्याकडे."

"आंधळी झाली का?"

"एक डोळा गेला. दुसरा उद्या."

१८ फेब्रुवारी, रविवार

आजही तिनेच लावला. सकाळ-संध्याकाळ. आग तशीच आहे. रात्री कूस बदलता येत नाही. तरी खोटं का लिहू, लेपाची वेळ व्हावी असं वाटतं. लग्नानंतर लेक बापापाशी अर्धा तास निवांत बसते, अशी वेळ कितीदा येते? तिने सासरच्या गोष्टी सांगितल्या. निरंजनरावांना भाकरी फुगवता येते हे आज कळलं. मुलगी झाली तर काय नाव ठेवायचं हेही ती विचारत होती. मी म्हटलं, आधी येऊ दे, तोंड बघून ठरवू.

या दुखण्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज सगळं लिहून ठेवतो.

कामावर खड्ड्यात उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. धर्मपालने पट्टा सोडायला सदरा वर केला आणि लेप पाहिला. त्याने स्कूटर काढली. मी नाही म्हणत होतो. "चलव भैया, गोठ झन कर," एवढंच म्हणाला. त्याच्या छत्तीसगढीत त्याचा अर्थ, चला, गप्पा नकोत. समता कॉलोनीतल्या कातडीच्या डॉक्टर मंदाकिनीबाईंकडे त्याने मला नेऊन बसवलं. त्यांच्या दवाखान्याचा फोन आम्हीच लावला होता.

बाई आपल्याच. भोसल्यांच्या काळापासून त्यांचं घराणं रायपुरात आहे. त्यांनी लेप पुसून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, लहानपणी माता आली होती का.

आली होती. सात वर्षांचा होतो. कडुनिंबाच्या डहाळ्यांवर निजवलं होतं. अंगावरचे फोड सुकले तेव्हा आईने दहीभात आणि हिरव्या बांगड्या वाहून मातेची पाठवणी केली, हे मला स्पष्ट आठवतं. शिवेपर्यंत मी आईचा पदर धरून गेलो होतो.

"ती गेली नाही, भाऊ," बाई म्हणाल्या. "तुमच्यातच राहिली."

मग त्यांनी औषधाच्या कागदामागे चित्र काढून समजावलं. ती माता म्हणजे कांजण्या, आणि कांजण्या म्हणजे एक विषाणू. साध्या दुर्बिणीतून दिसत नाही एवढा बारीक. त्याला स्वतःचं घर नाही, चूल नाही. आपल्या शरीराच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच चुलीवर आपल्या पोळ्या भाजतो, एकाच्या हजार होतात, पेशी फुटते. आपलं रक्त त्याला ओळखायला शिकलं की आजार संपतो. पण हा एक विषाणू सगळा जात नाही. मणक्याजवळ नसेच्या मुळाशी जाऊन निजतो. चाळीस-चाळीस वर्षं. माणूस थकला, वय झालं, की उठतो आणि त्याच नसेवरून खाली कातडीपर्यंत येतो. तीच नागीण.

आणि म्हणूनच ती कमरेभोवती जुळत नाही. एक नस एकाच बाजूची; मधली रेघ आली की तिची हद्द संपली. हे मला लगेच पटलं. आमच्याकडेही एका केबलचा एकच भाग असतो. तेलीबांध्याची केबल खराब झाली तर गोल बाजारातले फोन बंद पडत नाहीत.

गोळ्या दिल्या, दिवसातून पाच वेळा. पहिल्या तीन दिवसांत यायला हवं होतं, एक दिवस उशीर झाला. पण नवे फोड अजून येत आहेत म्हणून उपयोग होईल, म्हणाल्या. मी गोळी कशी मारते ते विचारलं. त्या म्हणाल्या, मारत नाही, फसवते. विषाणू आपली नक्कल करतो म्हणजे मणी ओवून माळ करतो. ही गोळी त्याच्यात असा एक मणी सोडते, की ज्याला पुढच्या बाजूने भोकच नाही. तो ओवला गेला की माळ तिथेच थांबते. मी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. त्या हसल्या.

उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "गेरू कोण लावते घरी? वहिनी?"

मी कौतुकाने सांगितलं. पोटुशी लेक, सावली, आंधळा साप, सगळं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. शर्मूला कांजण्या येऊन गेल्या आहेत का, असं विचारलं. मला सांगता आलं नाही. फोडांतल्या पाण्यात तो विषाणू जिवंत असतो. ज्याला पूर्वी कांजण्या झाल्या त्याला भीती नाही. ज्याला झाल्या नाहीत, त्याला त्या पाण्याने कांजण्या होऊ शकतात, आणि फोड उठायला दोन-तीन आठवडे लागतात. दोन-तीन आठवड्यांनी होळी आहे. बाळंतपणाच्या तोंडावर आईला उठल्या तर आईलाही जड जातात, आणि बाळाला फार.

मी या दुखण्याला काल नमस्कार केला होता.

२० फेब्रुवारी, मंगळवार

शर्मूचं रक्त काढून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवलं. रक्ताला कांजण्यांची ओळख आहे की नाही ते तिथे तपासतात. नसेल तर ज्यांना कांजण्या होऊन गेल्या त्यांच्या रक्तातून काढलेलं एक इंजेक्शन असतं, पण ते लवकर द्यावं लागतं. बाईंनी नागपूर, मुंबईला माझ्यासमोर फोन केले. कोणाकडे नाही. उठल्याच तर शर्मूला शिरेतून औषध देऊ, म्हणाल्या.

घरी लताला आणि गोदूबाईला विचारलं, शर्मूला कधी माता आली होती का. लताजवळ असताना नाही. गोदूबाई म्हणाली, गावी आली होती, ती विहिरीवर पडली त्याच वर्षी. मी विचारलं कोणती, पाण्याच्या फोडांची की नुसती लाल पुरळ? तिने हात जोडले. मातेचं नाव पुसायचं नसते, म्हणाली. मी फारच धरलं तेव्हा म्हणाली, गोवर होता, पोरांचे डोळे लाल झाले होते, अंधारात ठेवलं होतं.

गोवर म्हणजे कांजण्या नव्हे. आमच्याकडे दोघींना एकच नाव, आणि त्या नावापुढे कोणी विचारत नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्र. देवळात गेलो नाही, घरूनच बेल वाहिला. शंकराच्या गळ्यातल्या नागाकडे बघवेना.

फोड कपड्याने झाकले की पुरे, श्वासातून हे जात नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलं आहे. तरी मी बाहेरच्या खोलीत राहायला आलो. ताट वेगळं, टॉवेल वेगळा. शर्मू दारात आली की मी मागे सरतो.

"बाबा, तुम्ही माझ्यावर नाराज आहात क्या?" तिने आज विचारलं. मी पुस्तकात डोकं घातलं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

धर्मपालकडे दोन जुने काळे फोन पडले होते. आज तो घेऊन आला. आम्ही दोघांनी मिळून माझ्या खोलीतून आतल्या खोलीत तार टाकली, टॉर्चच्या सेलवर बसवलं. दांडी फिरवली की तिकडे घंटी वाजते.

शर्मूने उचलला आणि खूप वेळ नुसतीच हसत होती. मग म्हणाली, "हॅलो, राजधानी एक्स्चेंज?" दहा पावलांवरून लेक फोनवर बोलते. लता म्हणते दोघांना वेड लागलं. गोदूबाई फोनकडे बघत नाही. ती माझ्याकडेही बघत नाही.

फोड सुकायला लागले आहेत. मला आता त्याचं काही वाटत नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार

रोज सकाळी लता शर्मूचं अंग बघते, मान, पाठ, पोट. मी इकडे रिसीव्हर धरून बसतो. "काही नाही," असा आवाज आला की चहा पितो.

आज शर्मू म्हणाली, बाळ पोटात लाथा मारते आहे, ऐका. आणि रिसीव्हर पोटावर धरला. मला तारेतली खरखर ऐकू आली. मी म्हटलं, ऐकू आलं.

३ मार्च, शनिवार

दुपारी लता बाजारात गेली तेव्हा गोदूबाई माझ्या दारात येऊन बसली. बराच वेळ लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत होती.

"शाल्या, तो गोवर नव्हता," ती म्हणाली. "पाण्याचे फोडच होते. पोट्टीनं एक खाजवला. कपाळावरचा. मी वावरात गेली होती, ध्यान नाही राहिलं."

माझा हात माझ्याच डाव्या भुवईवर गेला.

"पोरीची जात. तोंडावर मातेची खूण म्हटलं त पुढं लग्नाच्या वक्ती कोणी ना कोणी बोललं असतं. म्हणून विहिरीवर पडली म्हणून सांगतलं. तुलेही तेच सांगतलं. मंग तेच खरं झालं."

मग एवढे दिवस काहून नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, निरंजनरावांच्या घरी कळलं तर.

चौतीस वर्षं मी खात्यात नोकरी करतो आहे, पण तिच्यासमोर मी अजून तिच्या कडेवरचा शाल्याच. तिच्यावर रागावता आलं नाही. पण मनात एक किडा शिरला. ही खरं सांगते आहे, की माझं तोंड बघवत नाही म्हणून मला धीर द्यायला नवीन गोष्ट रचते आहे? जिने एकदा विहीर रचली, ती माताही रचू शकते.

बाईंना फोन करायला गेलो तर त्यांची लाइन मेली आहे.

६ मार्च, मंगळवार

रस्ता रुंद करणाऱ्या कोण्या ठेकेदाराच्या यंत्राने समता कॉलोनीकडची केबल तोडली. मुंबईचा कागद फॅक्सवर येणार होता. माझी रजा आहे. पण खपल्या धरल्या आहेत, कपडा बांधला आहे, आणि बाईंनीच आता चालेल म्हटलं आहे. आज धर्मपालबरोबर मीच खड्ड्यात उतरलो. निळा-पांढरा, नारिंगी-पांढरा. आयुष्यभर जोडल्या तशाच जोड्या, पण आज मी घाई करत होतो. धर्मपाल वरून म्हणाला, "भैया, आराम से. दुनिया भर के फोन थोड़ी हैं, एक ही तो चाहिए." तो एक तासाने लागला.

दवाखान्यात गेलो तर फॅक्सचा कागद गुंडाळी होऊन निघतच होता. बाई बाहेर भेटीला गेल्या होत्या. कंपाउंडरने कागद माझ्या हातात दिला. शर्मूचं नाव होतं. बाकी इंग्रजी बारीक अक्षरं. शेवटी एक शब्द मला वाचता आला. पॉझिटिव्ह.

आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एका माणसाच्या थुंकीचा कागद असाच आला होता. त्यावरही हाच शब्द होता. तो माणूस राहिला नाही.

मी पायरीवर बसलो. गोदूबाईने माताही रचली तर. मी देवाला काही मागितलं नाही, मागायला सुचलंच नाही. फक्त तिचं बोट आठवत होतं, फोड फुटू नये म्हणून जपून फिरणारं.

बाई आल्या. माझ्या हातातला कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचला.

"अरे, भाऊ, रडता काहून? चांगलं आहे."

मी शब्दावर बोट ठेवलं.

त्या माझ्या शेजारी पायरीवरच बसल्या. हा आजाराचा कागद नाही, म्हणाल्या. रक्तात ओळख आहे का, एवढंच विचारलं होतं. रक्ताने हो म्हटलं. जुनी ओळख आहे, पक्की आहे. तिला कांजण्या लहानपणीच होऊन गेल्या. तुमच्या फोडांनी तिला काही होणार नाही. आणि ती ओळख नाळेतून बाळालाही जाते. जन्मल्यावर काही महिने पुरते.

मी विचारलं, कपाळावर खूण राहते का.

"राहते ना. एखादी खाजवली तर खळगी राहते."

चहा पाजून त्यांनी मला सोडलं. धर्मपालला मी काय सांगितलं ते आठवत नाही. त्याने स्कूटर फार हळू चालवली.

घरी गोदूबाई डाळ निवडत होती. मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "उठ, डाळ सांडन." नंतर आत जाऊन तिने बराच वेळ नाक पुसलं.

१२ मार्च, सोमवार

काल पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. निरंजनराव धुळवडीच्या रंगासकट पोचले, नर्सने आधी तोंड धुवायला पाठवलं. मी काचेतून पाहिलं. कपाळ मोठं आहे, आणि अगदी कोरं.

१५ मार्च, गुरुवार

शर्मू आज बाळाला घेऊन घरी आली. माझ्या खपल्या पडल्या आहेत, बाईंनी पूर्ण मोकळीक दिली आहे. तरी मी सवयीने बाहेरच्याच खोलीत बसलो. तिकडे बायकांची गर्दी होती, आणि इतके दिवस मागे सरलेल्या माणसाला पुढे कसं जायचं ते पटकन सुचत नाही. पाठीवर अजून मधूनच आग होते. काही दिवस राहील, म्हणतात. ती पुन्हा आपल्या जागी जाऊन निजली असेल. आईने शिवेपर्यंत पोचवली होती तिला. आता मी पाठवणी करणार नाही. असू दे.

तेवढ्यात माझ्या टेबलावरची घंटी वाजली. दहा पावलांवर उघडं दार, आणि ती दांडी फिरवत होती.

"हॅलो, बाबा. नागीण आंधळी झाली का?"

"झाली."

"दोन्ही डोळे?"

"दोन्ही."

"मग आत या ना. ही तुमची वाट पाहून राहिली. हिचं तोंड बघून नाव ठेवणार होते तुम्ही."

मी रिसीव्हर खाली ठेवला आणि गेलो.